‘समुपदेशक’ अशी पाटी लावण्याआधी: प्रमाणपत्र, नोंदणी आणि परवाना समजून घेऊ या

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे तरुण-तरुणींकडून एक प्रश्न सतत येतो आहे. ‘समुपदेशनाचा एक ऑनलाइन कोर्स आहे, तीन महिन्यांचा. केला तर प्रॅक्टिस करता येईल का?’ विचारणारे बहुतेक जण चळवळीतले असतात. कुणी वस्तीत अभ्यासिका चालवतो, कुणी व्यसनमुक्तीचे काम करते, कुणी विहारात रविवारी मुलांचे संस्कार वर्ग घेते. लोक त्यांच्याकडे आपली दुःखे घेऊन येतात आणि हे काम नीट शिकून करावे असे त्यांना वाटते. ही इच्छा चांगलीच आहे. अडचण पुढे येते.

आमच्या ओळखीच्या एका तरुणीचे उदाहरण सांगतो. समाजशास्त्रात एम.ए., घरची परिस्थिती बेताची. एका खासगी संस्थेचा ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’ समुपदेशन डिप्लोमा तिने कर्ज काढून केला. प्रमाणपत्र चकचकीत होते, त्यावर सोनेरी शिक्का होता. सरकारी प्रकल्पातल्या एका पदासाठी ती मुलाखतीला गेली तेव्हा पहिलाच प्रश्न आला, ‘नोंदणी क्रमांक काय?’ तिच्याकडे तो नव्हता. त्या कोर्समधून तो मिळणारच नव्हता आणि हे तिला कुणी सांगितले नव्हते. पैसे गेले, वर्ष गेले.

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. एका वस्तीतल्या तरुणाला मनोविकारतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या होत्या. घरच्यांनी त्याला एका ‘समुपदेशका’कडे नेले. त्या गृहस्थाने सांगितले, ‘गोळ्यांची सवय लागते, बंद करा, मी विचार बदलून देतो.’ गोळ्या बंद झाल्या. दोन महिन्यांत मुलगा पुन्हा आजारी पडला, पहिल्यापेक्षा जास्त. तक्रार कुठे करायची हे घरच्यांना माहीत नव्हते. तो माणूस कोणत्याही नोंदवहीत नव्हता, त्यामुळे त्याचे नाव कुठल्या परिषदेकडून काढून टाकण्याचाही प्रश्न नव्हता.

पहिल्या उदाहरणात आपली तरुणी फसली, दुसऱ्यात आपलाच रुग्ण भरडला गेला. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. मानसिक आरोग्य आणि पुनर्वसनाच्या क्षेत्रात कोणाला काय करण्याचा कायदेशीर अधिकार आहे, हे आपल्याला माहीत नाही. हा लेख त्यासाठी आहे.

तीन शब्द, तीन अर्थ

प्रमाणपत्र म्हणजे तुम्ही एखादा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा कागद. तो कोणीही देऊ शकतो: विद्यापीठ, संस्था, एखादे ॲपसुद्धा. नोंदणी म्हणजे कायद्याने स्थापन झालेल्या परिषदेच्या नोंदवहीत तुमचे नाव असणे. ती परिषद ठरावीक अभ्यासक्रमच मान्य करते. परवाना म्हणजे त्या नोंदणीच्या बळावर व्यवसाय करण्याचा अधिकार. आपल्या देशात या क्षेत्रात बहुतेक ठिकाणी नोंदणी हाच परवाना असतो, वेगळा कागद मिळत नाही.

वकिलीशी तुलना केली तर हे लवकर कळेल. कायद्याची पदवी हातात आली म्हणून कोर्टात उभे राहता येत नाही, सनद घ्यावी लागते. बाबासाहेबांकडे कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या होत्या, ते ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले होते. तरी १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू करताना त्यांना सनद घ्यावीच लागली, आणि तिच्यासाठी मित्र नवल भथेना यांची पैशांची मदत घ्यावी लागली. पदवी ज्ञानाची साक्ष देते. सनद म्हणजे समाजाला दिलेली हमी: या माणसाने चूक केली तर त्याला जाब विचारणारे कोणीतरी आहे.

कोण काय करू शकतो?

आपल्याकडे ‘मानसतज्ज्ञ’ हा एकच शब्द सगळ्यांसाठी वापरला जातो. प्रत्यक्षात हे वेगवेगळे व्यवसाय आहेत.

मनोविकारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. नंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. मानसिक आजारावरची औषधे सुरू करणे, बदलणे, बंद करणे हे डॉक्टरचे काम आहे.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट डॉक्टर नसतो. मानसशास्त्रीय चाचण्या, निदानाला मदत आणि मानसोपचार हे त्याचे काम. त्यासाठी रुग्णालयात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली घेतलेले पूर्णवेळ प्रशिक्षण आवश्यक असते.

मनोविकार सामाजिक कार्यकर्ता, म्हणजे सायकियाट्रिक सोशल वर्कर, हा समाजकार्यातून पुढे आलेला असतो. रुग्णाचे कुटुंब, नोकरी, वस्ती, सरकारी योजना या सगळ्यांशी तो रुग्णाला पुन्हा जोडतो. आपल्या समाजात एम.एस.डब्ल्यू. केलेल्यांची संख्या मोठी आहे, म्हणून हा मार्ग लक्षात ठेवा.

पुनर्वसन व्यावसायिक हा आणखी एक मोठा गट आहे. दिव्यांग व्यक्तीला शिक्षण, रोजगार आणि स्वतंत्र जगणे मिळवून देणारे यात येतात: विशेष शिक्षक, वाचा व श्रवणतज्ज्ञ, पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ, पुनर्वसन समुपदेशक, व्यवसाय समुपदेशक.

आणि समुपदेशक. शाळेत, महाविद्यालयात, व्यसनमुक्ती केंद्रात, एच.आय.व्ही. तपासणी केंद्रात, कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करणारा. सर्वांत जास्त तरुण याच कामाकडे वळतात आणि सर्वांत जास्त गोंधळ याच शब्दाभोवती आहे.

१९९२ चा कायदा: पुनर्वास परिषद

भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, १९८६ मध्ये एक नोंदणीकृत संस्था म्हणून सुरू झाली. १९९२ मध्ये संसदेने तिच्यासाठी कायदा केला आणि जून १९९३ पासून ती वैधानिक संस्था झाली. दिव्यांग पुनर्वसनाच्या क्षेत्रातले अभ्यासक्रम ठरवणे, संस्थांना मान्यता देणे आणि पात्र व्यक्तींची केंद्रीय पुनर्वास नोंदवही ठेवणे ही तिची कामे. या नोंदवहीतला क्रमांक म्हणजे ‘सीआरआर नंबर’. जाहिरातीत ‘आरसीआय नोंदणी आवश्यक’ असे लिहिलेले असते तेव्हा हाच क्रमांक मागितलेला असतो.

या कायद्याचे कलम १३ महत्त्वाचे आहे. मान्य पात्रता आणि नोंदणी नसलेल्या व्यक्तीला सरकारी किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आस्थापनेत पुनर्वसन व्यावसायिक म्हणून पद धारण करता येत नाही. देशात कुठेही तशी प्रॅक्टिस करता येत नाही. कायद्याने अशा व्यावसायिकाची सही लागते त्या प्रमाणपत्रावर सही करता येत नाही आणि न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष देता येत नाही. उल्लंघन केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाची रक्कम आज हास्यास्पद वाटेल, पण कैदेची तरतूद आहे हे विसरू नये.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ, पुनर्वसन सामाजिक कार्यकर्ते, पुनर्वसन समुपदेशक, व्यवसाय समुपदेशक, विशेष शिक्षक हे सर्व या कायद्याखाली येतात. नोंदणी एकदा झाली की जन्मभर पुरते असेही नाही. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी परिषदेने मान्य केलेली प्रशिक्षणे, कार्यशाळा करून गुण जमवावे लागतात.

२०१७ चा कायदा: रुग्णाचे हक्क

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि २०१८ मध्ये लागू झाला. या कायद्याने पहिल्यांदा मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क ठरवला. उपचारांची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले. रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधण्यावर बंदी घातली. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे, तिला शिक्षा नव्हे तर मदत मिळावी, अशी भूमिका घेतली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने दोन तरतुदी पाहा. पहिली, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोविकार सामाजिक कार्यकर्ते यांची नोंदणी करायची आहे. या कायद्यातली मनोविकार सामाजिक कार्यकर्त्याची व्याख्या समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. अशी आहे. म्हणजे नुसते एम.एस.डब्ल्यू. या पदनामासाठी पुरेसे नाही. याच व्याख्येत ‘समुपदेशक’ हा शब्द नाही हेही ध्यानात घ्या.

दुसरी तरतूद व्यसनमुक्ती केंद्रांबाबत आहे. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्था या कायद्याच्या ‘मानसिक आजार’ व्याख्येत येतात. त्यामुळे अशा रुग्णांना दाखल करून ठेवणारे केंद्र ही मानसिक आरोग्य आस्थापना ठरते आणि तिची प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. भाड्याच्या खोलीत दहा-बारा माणसांना कोंडून ‘पुनर्वसन केंद्र’ चालवणे हा समाजसेवेचा प्रकार नाही, बेकायदेशीर प्रकार आहे. आपल्या वस्तीत असे केंद्र असेल तर नोंदणी क्रमांक विचारणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

याच्या जोडीला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्यातल्या २१ दिव्यांगत्वांच्या यादीत मानसिक आजार, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना सरकारी नोकरीत चार टक्के आरक्षण आहे. हे हक्क प्रत्यक्षात मिळवून द्यायला प्रशिक्षित पुनर्वसन व्यावसायिक लागतात. कायदा कागदावर आणि माणूस दारात, असे आज अनेक तालुक्यांत चित्र आहे.

२०२१ चा कायदा: समुपदेशक पहिल्यांदाच चौकटीत

मग साधा समुपदेशक कुठे बसतो? बराच काळ याचे उत्तर ‘कुठेच नाही’ असे होते. दिव्यांग पुनर्वसनाबाहेरच्या समुपदेशकासाठी देशात वैधानिक नोंदवही नव्हती. म्हणून पाटी लावायला कोणाची आडकाठी नव्हती.

२०२१ मध्ये संसदेने राष्ट्रीय सहबद्ध आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत ‘वर्तनविषयक आरोग्य विज्ञान’ असा एक गट आहे. त्यात मानसशास्त्रज्ञ (आरसीआयच्या कक्षेतले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगळून), वर्तन विश्लेषक, आरोग्य समुपदेशक, एच.आय.व्ही. आणि कुटुंबनियोजन समुपदेशक, वैद्यकीय आणि मनोविकार सामाजिक कार्यकर्ते, मानसिक आरोग्य साहाय्यक यांची नावे आहेत. या सर्वांसाठी केंद्रात आयोग, राज्यात परिषद, नोंदवही आणि किमान शिक्षणाचे निकष अशी रचना कायद्याने आखली आहे.

निकष काय आहेत? ‘सहबद्ध आरोग्य व्यावसायिक’ म्हणवून घ्यायला किमान २,००० तासांचे, दोन ते चार वर्षांत विभागलेले पदविका किंवा पदवीचे शिक्षण हवे. ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ व्हायला किमान ३,६०० तासांचे, तीन ते सहा वर्षांतले पदवी शिक्षण हवे. आता शनिवार-रविवारच्या चाळीस तासांच्या कोर्सची या आकड्यांशी तुलना करा. ज्या कोर्ससाठी आपले तरुण कर्ज काढतात तो या मोजपट्टीवर कुठेच बसत नाही.

नियम बदलत आहेत, सावध राहा

दोन बदल सध्या विद्यार्थ्यांच्या गळ्याशी आले आहेत.

पहिला एम.फिल. चा. यूजीसीने २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद केली. परंतु क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांची संपूर्ण पात्रता एम.फिल. वर उभी होती. म्हणून या दोन विषयांना २०२५-२६ पर्यंत प्रवेश देण्याची मुभा दिली गेली. पुढच्या काळासाठी आरसीआय नव्या रचनेच्या अभ्यासक्रमांकडे वळली आहे. त्यामुळे ‘ताई-दादांनी एम.फिल. केले, आपणही तेच करू’ असे गृहीत धरू नका. ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षीचा नियम परिषदेच्या संकेतस्थळावर वाचा.

दुसरा बदल दूरस्थ शिक्षणाचा. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्रासह आरोग्यसेवेशी संबंधित अभ्यासक्रम मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली. आधी प्रवेश घेतलेल्यांना शिक्षण पूर्ण करता येते, नवे प्रवेश नाहीत. दिवसा काम करून रात्री पुस्तक उघडणारे आपले अनेक तरुण-तरुणी मुक्त विद्यापीठातून मानसशास्त्र शिकत होते. त्यांच्यासाठी एक दार बंद झाले आहे.

या निर्णयामागचे कारण आम्हाला पटते. माणसाच्या मनावर उपचार करायला पोस्टाने आलेली पुस्तके पुरत नाहीत. पण पूर्णवेळ शिक्षणाच्या जागा मोजक्या, खासगी विद्यापीठांची फी लाखांत, आणि दूरस्थ शिक्षण बंद. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की गाळले कोण जाणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. या मुद्द्याकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

मग मार्ग कोणता?

बारावीनंतर लगेच या क्षेत्रात यायचे असेल तर विशेष शिक्षणातला दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम हा एक मार्ग आहे. त्यातून सीआरआर नोंदणी मिळते. समावेशक विकासाचा एक सहा महिन्यांचा अभ्यासक्रमही आरसीआयने २०२१ मध्ये सुरू केला. त्यातून तयार होणाऱ्या गावपातळीच्या कार्यकर्त्याला ‘दिव्यांग मित्र’ म्हणतात. वस्तीत काम करणाऱ्यांना हा उपयोगी आहे.

मानसशास्त्रात नियमित एम.ए. असेल तर पुनर्वसन मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदविका किंवा क्लिनिकल सायकॉलॉजीचा मान्य अभ्यासक्रम करता येतो. पुण्यातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था, बेंगळुरूची निम्हान्स, मध्य प्रदेशातील सिहोर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य पुनर्वसन संस्था अशा सरकारी संस्थांचे प्रवेश आधी पाहा, खासगी नंतर. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत समुपदेशन आणि समाजकार्य या दोन्ही अंगांनी पदव्युत्तर शिक्षण मिळते. श्रवण आणि वाचेच्या क्षेत्रासाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

शाळेत समुपदेशक व्हायचे असेल तर एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशन पदविका अभ्यासक्रम पाहावा. भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था महाराष्ट्रासाठी जवळची आहे.

खर्चाचे काय? १९९० पासून बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलतीही लागू आहेत. त्यामुळे केंद्रीय संस्थांत अर्ज करताना जातीचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात काढून ठेवा. ऐनवेळी धावपळ करणारे किती तरी विद्यार्थी याच कागदावर अडकतात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि वसतिगृह न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना यांची मुदत, उत्पन्न मर्यादा आणि अभ्यासक्रमाची पात्रता प्रवेशाआधी तपासा, नंतर नव्हे.

पैसे भरण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

एक: या अभ्यासक्रमाने कोणत्या वैधानिक परिषदेत नोंदणी मिळते? ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’, ‘आयएसओ प्रमाणित’, ‘सरकारकडे नोंदणीकृत संस्था’ ही उत्तरे चालणार नाहीत. संस्था म्हणून नोंदणी होणे आणि अभ्यासक्रमाला मान्यता असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. संस्था म्हणून नोंदणी तर गावातल्या क्रिकेट मंडळाचीही होते.

दोन: मान्यता माझ्या तुकडीसाठी आहे का? आरसीआयची मान्यता विशिष्ट अभ्यासक्रमाला आणि विशिष्ट शैक्षणिक वर्षांपुरती असते. मागच्या तुकडीला होती म्हणून तुमच्या तुकडीला असेलच असे नाही. मान्यतेचे पत्र मागा आणि परिषदेच्या यादीशी ताडून पाहा.

तीन: प्रत्यक्ष प्रशिक्षण किती तासांचे, कोणत्या रुग्णालयात किंवा केंद्रात, आणि देखरेख कोण करणार? ज्या कोर्समध्ये एकही खरा रुग्ण किंवा लाभार्थी भेटत नाही तो कोर्स समुपदेशक घडवत नाही.

चार: शिकवणाऱ्यांचे नोंदणी क्रमांक काय आहेत? सीआरआर नोंदवहीत नाव किंवा क्रमांकाने ऑनलाइन शोध घेता येतो. पाच मिनिटांचे काम आहे.

पाच: मागच्या दोन तुकड्यांतले विद्यार्थी आज काय करतात? त्यांच्यापैकी दोघांशी स्वतः बोला.

हेच प्रश्न उलट बाजूनेही वापरा. घरातल्या कुणाला समुपदेशकाकडे नेत असाल तर त्याचे शिक्षण, नोंदणी आणि देखरेख विचारा. चांगला व्यावसायिक या प्रश्नांनी दुखावत नाही.

विहारातल्या कार्यकर्त्याने काय करावे, काय टाळावे

हे सगळे वाचून एखादा कार्यकर्ता म्हणेल, ‘म्हणजे माझ्याकडे नोंदणी नाही, तर मी रडणाऱ्या माणसाजवळ बसायचेही नाही का?’ नाही, तसे अजिबात नाही.

ऐकून घेणे, धीर देणे, सोबत दवाखान्यात जाणे, सरकारी योजनेचा अर्ज भरून देणे, गोळ्या वेळेवर घेतल्या का विचारणे, शाळा सोडलेल्या मुलाला परत शाळेत नेणे, संकटात असलेल्या माणसाला एकटे न सोडणे, यातल्या कशालाही परवाना लागत नाही. हे मैत्रीचे आणि करुणेचे काम आहे, ते कोणीही करू शकतो आणि करायला हवे. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात तर स्वतः व्यसनातून बाहेर पडलेल्या साथीदारांचा आधार मोलाचा असतो. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणच्या कामातही अशा साथीदारांचे स्थान मोठे राहिले आहे.

टाळायचे काय तेही स्पष्ट असावे. आजाराचे नाव ठरवू नका. ‘तुला डिप्रेशन आहे’ हे सांगणे तुमचे काम नाही. औषधे बंद किंवा कमी करायला सांगू नका. नोंदणी नसताना ‘थेरपिस्ट’ किंवा ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी ओळख लावू नका. फी घेऊन उपचाराचे आश्वासन देऊ नका. आणि ऐकलेली गोष्ट बाहेर सांगू नका. वस्ती लहान असते, एक शब्द फुटला की त्या बाईचे जगणे मुश्किल होते.

ध्यानाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. आनापान, विपश्यना यांचा अनेकांना लाभ होतो, आम्हीही साधना करतो. परंतु ध्यान हा गंभीर मानसिक आजारावरच्या उपचाराचा पर्याय नाही. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरांच्या सूचनांमध्येही हे सांगितलेले असते आणि गंभीर मनोविकार असलेल्यांना शिबिराची शिफारस केली जात नाही. ज्याला आवाज ऐकू येतात, ज्याची झोप आठवडाभर उडाली आहे, जो मरणाची भाषा बोलतो, त्याला आधी डॉक्टरकडे न्या. ‘शिबिराला पाठवा, बरा होईल’ असा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, पण तो घातक ठरू शकतो. बुद्धांना महाभिषक् म्हणतात. रोग ओळखून औषध देणे ही त्यामागची दृष्टी आहे. सगळ्या रोगांना एकच मात्रा देणे हे त्या दृष्टीच्या उलट आहे.

परवाना हा आपल्यासाठी अडसर की ढाल?

आता मागे सोडलेल्या मुद्द्याकडे येऊ. काही मित्र म्हणतात की परवान्याचा आग्रह म्हणजे पुन्हा एक वर्णव्यवस्था. ज्याला फी परवडते तोच आत, बाकीचे बाहेर. या आक्षेपात तथ्य आहे. ज्ञानावर मक्तेदारी कशी उभी राहते हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार?

पण परवाना नसलेल्या जगात कोणाचे नुकसान होते ते पाहा. पैसेवाला शहरातल्या नामांकित तज्ज्ञाकडे जातोच. भोंदू समुपदेशक, बेकायदा व्यसनमुक्ती केंद्र आणि मांत्रिक हे तिघे गरिबाच्याच वाट्याला येतात. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण लाखामागे जेमतेम ०.७५ आहे. या पोकळीत कोणी तरी शिरणारच. तो नोंदणीकृत आणि उत्तरदायी असावा, ही गरज सर्वांत जास्त आपल्या वस्त्यांची आहे.

म्हणून आमचे मत असे आहे की लढा परवान्याविरुद्ध नको, परवान्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेसाठी हवा. सरकारी संस्थांतल्या जागा वाढल्या पाहिजेत. प्रत्येक विभागात किमान एका सरकारी संस्थेत मान्य अभ्यासक्रम हवा. दूरस्थ मार्ग बंद केला असेल तर नोकरी करणाऱ्यांसाठी सायंकाळचे, प्रत्यक्ष प्रशिक्षणासह वर्ग हवेत. शिष्यवृत्ती प्रशिक्षणाच्या काळातही वेळेवर मिळाली पाहिजे. मराठीतून प्रशिक्षण साहित्य हवे. आणि समुपदेशकांच्या अभ्यासक्रमात जात हा विषय हवा.

हा शेवटचा मुद्दा आम्ही पुन्हा सांगतो. वर्गात आडनाव विचारले जाते, वसतिगृहात कोट्यावरून टोमणे ऐकावे लागतात, मेसमध्ये एकटे बसावे लागते. असा विद्यार्थी समुपदेशकाकडे जातो आणि तिथे ऐकतो, ‘तू फार मनाला लावून घेतोस.’ या उत्तराने जखम आणखी खोल होते. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला गेला. मे २०१९ मध्ये मुंबईत आदिवासी समाजातील डॉ. पायल तडवी गेली. दोघांच्या आईंनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एकत्र दाद मागितली. ही दुःखे केवळ मनाच्या आजाराची नाहीत, अन्यायाची आहेत, आणि फक्त समुपदेशकाने अन्याय मिटत नाही. पण अन्याय ओळखणारा समुपदेशक तिथे असेल तर एखाद्या मुलाला पहाट पाहता येते.

संधीही इथेच आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरासाठी निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, आणि वंचित समाजघटकांतील विद्यार्थ्यांशी कर्मचाऱ्यांनी संवेदनशीलतेने वागावे यासाठी प्रशिक्षण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. आपल्या महाविद्यालयात हे पद भरले आहे का? भरले असेल तर त्या व्यक्तीची पात्रता काय? प्राचार्यांना लेखी विचारा, उत्तर न मिळाल्यास माहितीचा अधिकार वापरा. हे विद्यार्थी संघटनांचे आजचे काम आहे.

या हजारो जागांवर उद्या कोण बसणार हे आजच्या प्रवेशांवरून ठरणार आहे. आपल्या पोरी-पोरांनी तीन महिन्यांच्या चकचकीत कागदावर पैसे घालवले तर त्या खुर्च्यांवर आपले दुःख न समजणारेच बसतील. म्हणून प्रत्येक विहाराने, प्रत्येक अभ्यासिकेने यंदा एवढे करावे: स्पर्धा परीक्षांच्या फलकाशेजारी या क्षेत्राच्या प्रवेशांची माहिती लावावी, एका तरी विद्यार्थ्याला मान्य अभ्यासक्रमापर्यंत पोहोचवावे, आणि फीसाठी अडलेल्याला समाजाने हात द्यावा. बाबासाहेबांच्या सनदेला एका मित्राचा हात लागला होता, हे आपण विसरायला नको.

आणि हा लेख वाचताना तुम्ही स्वतःच अडचणीत असाल तर नोंदणी, परवाना हे सगळे क्षणभर बाजूला ठेवा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येते. व्यसनाच्या प्रश्नासाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. फोन करा, किंवा जवळच्या कार्यकर्त्याला सांगा, तो तुमच्यासोबत फोनजवळ बसेल.

जय भीम, नमो बुद्धाय.